माहेरची मोजणी

...आणि वर सर मलाच म्हणतात, "छायाताई, पाचच मिनिटं बोला, पण प्रेरणादायी बोला." आता प्रेरणा म्हणजे काय मेथीची जुडी आहे का, उपटली, बांधली, दिली हातात? पण दरवर्षी तेच. मानवी हक्क पदविकेची नवी बॅच आली की गायधनी सरांचा फोन येणार, मी जाणार, फळ्यापुढं उभी राहणार, सर माझी ओळख करून देणार, "या आपल्या माजी विद्यार्थिनी, यांनी अभ्यासक्रमातला हक्क प्रत्यक्ष जीवनात आणला," मग टाळ्या, मग एक गुलाबाचं फूल. गुलाबाचं फूल मला. जिच्या घरी रोज पहाटे उठून पाट्याच्या पाट्या गुलाब तोडतात, त्या बाईला हे एक फूल देतात, तेही कालचं. आणि मी ते घेऊन पोरापोरींना सांगते की शिका, बोला, आपला हक्क सोडू नका. खोटं नाही सांगत. पण पुढचं सांगत नाही. ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही परीक्षेला बसलेले नाही. पुढं जे झालं ना, ते आमच्या सिलॅबसला नव्हतं.

म्हणजे मुळात मला मानवी हक्क शिकायचेच नव्हते हो. तुम्हाला सांगते, दोन हजार पाच सालची गोष्ट. मी गेले होते शिवणकामाच्या कोर्सला नाव घालायला. आमचं सासर नाशिकजवळ मखमलाबादला, माळ्याचं घर, फुलं आणि भाजी, आमचे हे म्हणजे मोतीराम रोज सकाळी फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात जाणार, मी आणि सासूबाई तोडणार, बांधणार, निवडणार, आणि मला वाटलं की जरा घरात बसून करण्यासारखं काहीतरी शिकावं. अभ्यासकेंद्राच्या खिडकीवर पोचले तर आतले भाऊसाहेब म्हणाले, "शिवणकाम फुल्ल." मी म्हटलं, बरं, मग कुक्कुटपालन? "तेही फुल्ल." मग त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी आपल्या दुकानातला माल खपवावा तशा आवाजात म्हणाले, "मानवी हक्क घेता का? मानवी हक्क भरपूर शिल्लक आहेत."

आता माणूस एवढ्या आपुलकीनं देतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? घेतले. बी.ए. झालेली होते, बसत होतं. रविवारी वर्ग. घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "त्याचं पुढं काय होतं?" मी म्हटलं, कशाचं? म्हणाले, "मानवी हक्कांचं." मी म्हटलं, ते शिकल्यावर कळेल. सासूबाई, गोजराबाई त्यांचं नाव, त्या म्हणाल्या, "शीक बाई, पण रविवारची गुलाबाची तोड करून जा."

आणि काय सांगू, आवडलं हो मला. फार आवडलं. त्या वर्गात पंखा होता, बाक होता, आणि त्या बाकावर बसलं की कुणी हाक मारायचं नाही. वर्गात एक हवालदार होते, त्यांना खात्यानं पाठवलं होतं, ते मागच्या बाकावर बसून अटक केलेल्या माणसाचे हक्क इतक्या कष्टी चेहऱ्यानं लिहून घ्यायचे की बघवत नसे. ओझरच्या विमान कारखान्यातले एक समाधान म्हणून होते, युनियनचे, ते प्रत्येक तासाला उठून विचारायचे, "सर, हे आमच्या पाळीवाल्यांना लागू आहे का?" आणि गायधनी सर म्हणजे पंचवटीतले, घरात पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण चाललेलं, त्यामुळं मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचतानाही त्यांना लय सापडायची, "प्रत्येऽऽकास" असं जे सुरू करायचे ते असं वाटायचं की आता हातावर पाणी सोडणार. प्रत्येकास जगण्याचा हक्क आहे. प्रत्येकास मत मांडण्याचा हक्क आहे. प्रत्येकास विश्रांतीचा हक्क आहे. आणि मग थांबून मला विचारायचे, "छायाताई, तुमचं मत काय?" मला. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, भाजीत मीठ बरोबर आहे का एवढं सोडून माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

पण पाठ कुठं करायचं? कलमं तीस. मग मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता मोठ्यानं म्हणायची. आणि तिथंच घोळ झाला. कारण शेतकऱ्याच्या घरात हक्क हा शब्द आला की त्याच्यामागं एकच गोष्ट येते, ती म्हणजे वाटणी. आमच्या घरच्यांना वाटलं की हे तीस हक्क म्हणजे तीस वाफे आहेत, ज्यानं आधी पाय ठेवला त्याचे. चोविसावं कलम ऐकलं, विश्रांतीचं, तशा सासूबाई हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "हे माझं." आणि आडव्या झाल्या. ह्यांनी खाजगीपणाचं उचललं, म्हणजे कुठं होता, इतका वेळ का लागला, विचारायचं नाही. ओम आमचा, तेव्हा शाळेत होता, त्यानं शिक्षणाचं कलम बघून नाक मुरडलं आणि मत मांडण्याचं घेतलं. मी म्हटलं, अहो, हे असं नसतं, एकानं घेतला म्हणून दुसऱ्याचा संपत नाही, सगळ्यांना सगळे असतात. तर सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "सगळेच आडवे झाले तर जुड्या कोण बांधणार?" सरांना विचारलं तर सर म्हणाले, "छान मुद्दा आहे." छान मुद्दा आहे ठीक आहे, पण उत्तर सिलॅबसला नव्हतं.

खरं सांगू का, त्या विश्रांतीच्या कलमाचं मला मनातून हसू यायचं. कारण ते कलम मला आधीपासून माहीत होतं. ते या जगात एकाच ठिकाणी लागू होतं, नामपूरला, आखाजीचे चार दिवस.

नामपूर माझं माहेर. बागलाणात, कांद्याचं मोठं मार्केट आहे ते. तुम्ही इकडचे, तुमच्याकडं अक्षय तृतीया म्हणजे आंबे आणि सोन्याच्या दुकानाच्या जाहिराती. आमच्याकडं ती आखाजी. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात म्हणजे येतातच, भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणायचं, आणि मुराळी दारात दिसला की सासू कितीही खाष्ट असो, पिशवी भरावीच लागते. लिंबाला झोका बांधलेला, खापरावरचे मांडे, आमरसाचं पातेलं, आणि दुपारभर झोक्यावर गाणी, गाण्यात सासरच्यांचा यथेच्छ उद्धार, तोही चालीवर. आणि सकाळी उठवायचं नाही. हा आमच्या घरचा नियम. आई होती तेव्हा तिचा, ती गेल्यावर लतावहिनीचा. ऊन पायावर येईस्तोवर पडून राहायचं, वहिनी चहा घेऊन येणार आणि म्हणणार, "झोप वं माय, अजून झोप." मला अजून कधीकधी सकाळी तोडणीला उठताना तो आवाज ऐकू येतो. पाटी डोक्यावर घेऊन वाफ्यात उभी असते आणि वाटतं, कुणीतरी म्हणावं, झोप अजून. असो. वेड्यासारखं होतं मग.

तर प्रकल्प. पदविकेला प्रकल्प करावा लागतो, आणि सरांनी मला विषय दिला, स्त्रियांचा मालमत्तेतला हक्क. कारण त्याच वर्षी नवा कायदा आलेला, बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा. सर म्हणाले, "तुमच्या परिसरातल्या महिलांना भेटा, विचारा." मी निघाले. गळ्यात पिशवी, हातात पेन, काय रुबाब माझा. पहिलं घर फुलाबाईंचं, आमच्या शेजारच्या मळ्यातल्या. विचारलं, वडिलांच्या जमिनीतला हिस्सा घेतला का? म्हणाल्या, "नाय बाई, हक्कसोड करून दिली भावाला." म्हणजे कागदावर सही करायची की माझा हक्क मी सोडला. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. आख्ख्या मखमलाबादेत हक्क मिळवलेली बाई सापडेना, सोडलेल्या वाटेल तेवढ्या. मी फुलाबाईंना अगदी सरांच्या चालीवर म्हटलं, "अहो, पण प्रत्येऽऽकास मालमत्तेचा हक्क आहे, कलम सतरा." त्या म्हणाल्या, "आसंल. पन जमीन घिऊन काय करू? मी म्हायेरी गेल्यावर जमीन म्हनती का, आली का गं?"

मी वहीत लिहिलं, जाणिवेचा अभाव.

हो, लिहिलं ना. सगळ्यांच्या नावापुढं लिहिलं. तेव्हा मला वाटायचं की मला जाणीव आहे.

आणि मग आली आखाजी. आणि दारात मुराळी. माझा भाऊ खंडेराव. डोक्यावर टोपी, खांद्यावर कांद्याचं गोणपाट, हातात आंब्याची पेटी, आणि उन्हानं लाल झालेला. माझ्याहून मोठा आहे, पण मला बघितलं की अजून लहान मुलासारखा हसतो. म्हणजे हसायचा. "कशी शे वं छाया?" म्हणाला. आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. वडील जाऊन वर्षावर झालेलं, सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं आणि माझं अशी दोन्ही नावं लागलेली, हे मला माहीत होतं. पण ते माझ्या डोक्यात कुठंतरी मागं होतं, पुढं होता तो झोका. पाणी पिऊन झालं, चहा झाला, आणि दादा टोपीची घडी करत म्हणाला, "पहिले सटाण्याले जाऊत. तठे जराशी सही शे. मंग घर."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "कर बाई सही. मी पण केली होती." आमचे हे म्हणाले, "मला यात पडायचं नाही," आणि मग एक शब्द चुकू नये म्हणून आणखी जवळ सरकून बसले. दादा म्हणाला, "तुले काय कमी शे? आखाजी शे, दिवाळी शे, मी शे ना." आणि खरं होतं ते. त्यानं कधी आखाजी चुकवली नव्हती. आणि मी काय केलं असेल? प्रकल्प लिहिलेल्या, कलम सतरा तोंडपाठ असलेल्या, जाणिवेचा अभाव नसलेल्या या बाईनं काय केलं?

पिशवी भरली. दोन साड्या, वहिनीला गुलाबाचं कलम, आणि निघाले. सही करायलाच निघाले होते हो मी. हे मी सरांच्या वर्गात सांगत नाही. मला जमीन नको होती. मला ऊन पायावर येईपर्यंत झोपायचं होतं.

सटाण्याला सगळं तयार. टाइप केलेला कागद, साक्षीदार म्हणून दादाचे दोन मित्र, दोघंही मला लहानपणापासून ओळखणारे, ताई ताई करणारे. आत दस्त नोंदणीच्या कार्यालयात पंखा बंद, टेबलामागं साहेब. त्यांनी कागद उलटापालटा केला, आमचे चेहरे बघितले, आणि रोज शंभर वेळा विचारत असतील अशा सुरात, वर न बघता विचारलं, "काय बाई, स्वखुशीनं सोडताय ना?"

आता बघा. हा प्रश्न असा असतो की त्याला उत्तर नसतंच. लग्नात मुलीला पसंत आहे ना विचारतात, तसं. मान हलवायची, अंगठा नाहीतर सही, आणि घरी. पण माझं काय झालं होतं की वर्षभर दर रविवारी कुणीतरी मला माझं मत विचारत होतं. सवय लागली होती हो. आणि संमती म्हणजे काय यावर सरांनी आख्खा एक तास घेतला होता, दबाव नसावा, भीती नसावी, मनापासून असावी. तर साहेबांनी विचारलं, खुशीनं ना, आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही."

साहेबांनी पहिल्यांदा वर बघितलं.

मी म्हटलं, "म्हणजे सही करते मी. द्या पेन. पण खुशी नाही."

"खुशी नाही?"

"नाही ना. पण सही करते."

"अहो बाई, असं कसं होईल? खुशी नसेल तर रजिस्टर होत नाही. खुशी पाहिजेच."

"जमीन सोडते म्हणतेय ना मी. जमीन घ्या, खुशी कशाला पाहिजे तुम्हाला?"

"ते कागदात लिहिलेलं आहे."

दादा वाकून माझ्या कानात म्हणाला, "म्हण ना वं, खुशी शे. येवढुसं काम शे." आणि मला म्हणता येईना. शपथेवर सांगते, प्रयत्न केला मी. तोंड उघडलं. समोर झोका दिसत होता, वहिनीचा चहा दिसत होता, एक शब्द म्हटला की सगळं माझं होतं. सगळं द्यायला तयार होते मी, आख्खी काळी जमीन द्यायला तयार होते. फक्त वर पुन्हा हसून दिली असं म्हणायचं, तेवढं जमेना. त्या पंख्याखालच्या बाकानं वाटोळं केलं माझं. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "घरी बोला, समजूत काढा, मग या. पुढचे कोण?"

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझी पिशवी उचलली, आम्ही स्टँडवर आलो, नामपूरची गाडी लागलेली होती, ती त्यानं जाऊ दिली. मग नाशिकच्या गाडीत मला खिडकीची जागा धरून दिली. खाली उभा राहिला. गाडी हलेपर्यंत उभा होता, टोपीची घडी करत. गुलाबाचं कलम माझ्या मांडीवरच राहिलं. कुणी हातानं पिशवी उचलून देतो आणि माहेर तिथंच संपतं, हे कुठल्या सिलॅबसला असतं, तुम्हीच सांगा.

घरी आले तर ओट्यावर सगळे. आमचे हे म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, नाही झालं. "का?" म्हटलं, खुशी नव्हती. ते म्हणाले, "खुशीचं काय त्यात?" दुसऱ्या दिवशी पहाटे मी तोडणीला उठले तर सासूबाईंनी पाटी माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "पड जरा. मी जाते." पण झोप कुठली येतेय.

आणि प्रकल्पात मला पहिला नंबर. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "तुमचा स्वतःचा अनुभव?" मी सांगितलं, जसंच्या तसं. त्या खुर्चीतून उठल्या आणि माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, "मॅडम, पण मी सही करणारच होते." त्या म्हणाल्या, "किती विनम्र आहात." सरांना म्हटलं, "सर, मला खरंच जमीन नको होती." सर म्हणाले, "हाच तर त्याग." आता त्याग कसा? त्याग म्हणजे देणं ना, मी तर दिलीच नाही. पण तेव्हापासून मी आदर्श. तेव्हापासून ते गुलाबाचं फूल.

पुढच्या आखाजीला कुणी आलं नाही. मी पिशवी भरून ठेवली होती, अशीच, काही नाही, कपाट आवरताना. दुपारी फुलाबाई आल्या, त्यांचा मुराळी त्यांना न्यायला आलेला, नवी साडी नेसलेल्या, म्हणाल्या, "तुमचा भाऊ नाय आला अजून?" मी म्हटलं, येईल. त्यांना कसं सांगू की बाई, तुमच्या नावापुढं मी काय लिहिलंय ते. मला दोन्ही हवं होतं हो. जमीनही आणि आली का गं म्हणणारं माणूसही. भावाला दोन्ही असतं ना? त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, जमीन पाहिजे का बहीण? त्याला दोन्ही मिळतं आणि खुशी आहे का, हेही कुणी विचारत नाही. मी गायधनी सरांना विचारलं होतं, सर, माहेरपणाचा हक्क कुठल्या कलमात येतो? त्यांनी खरंच पुस्तक उघडून पाहिलं. चांगला माणूस आहे. मग म्हणाले, "नाही सापडत." मी म्हटलं, बघा, जे पाहिजे तेच नेमकं सिलॅबसला नाही.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात, आली नोटीस. सरकारी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाची. खंडेराव यांच्या अर्जावरून गट नंबर अमुकतमुकची पोटहिस्सा मोजणी, म्हणजे दोघांचे तुकडे वेगळे करून मधे हद्द घालायची, तरी सहधारक म्हणून आपण जागेवर समक्ष हजर राहावे. ह्यांनी वाचून दाखवली आणि कपाळाला हात लावला. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी वाचली. मी म्हटलं, शेवटचं पुन्हा. "समक्ष हजर राहावे." तारीख बघितली तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशीची. शेतं उन्हाळ्यातच मोकळी असतात ना, तेव्हाच मोजणी. मी कपाटातनं पिशवी काढली. सासूबाई म्हणाल्या, "मोजणीला चालली का आखाजीला?" मी म्हटलं, बोलावलंय ना नामपूरहून, जायला नको?

गेले. बांधावर दादा उभा होता. मोजणीवाले साहेब आले, तिपाईवर फळी लावली, आणि बघतात तर त्यांचा साखळी धरणारा माणूस आलाच नाही, आखाजी करून तो झोपलेला. मग साहेब म्हणाले, "बाई, हे टोक तुम्ही धरा. आणि ओ खंडेराव, ते तुम्ही धरा." आता काय करायचं? धरलं. मी या बांधाला, तो त्या बांधाला, मधे ती साखळी. दोन वर्षांनी भाऊ माझ्याशी पहिला शब्द काय बोलला माहितीये? "ओढ."

मी ओढली. तो म्हणाला, "ढील दे." मी दिली. असं दिवसभर. त्या विहिरीपासून या बाभळीपर्यंत, बाभळीपासून ओढ्यापर्यंत. मधेच म्हणाला, "सांभाळ, तठे काटा शे." मी म्हटलं, माहितीये. लहानपणी त्याच काट्यावर मी पाय दिला होता आणि यानंच मला पाठीवर घेऊन घरी नेलं होतं. दुपारी लतावहिनी जेवण घेऊन आली. साहेबांसाठी. आता साहेबांसाठी कुणी खापराचे मांडे आणि आमरस बांधावर आणतं का? साहेब बिचारे खूश, म्हणाले, "अहो एवढं कशाला?" वहिनी माझ्या पानात तिसरा मांडा घालत, माझ्याकडं न बघता, साहेबांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, उन्हातानाचं माणूस थकस."

संध्याकाळी साहेबांनी नकाशावर रेघ मारली. म्हणाले, ही तुमची हद्द. दोघांना मान्य असेल तर सह्या करा, म्हणजे प्रकरण मिटलं, पुन्हा यायचं काम नाही. दादानं पेन घेतलं. आणि मी ती रेघ बघत होते. पुन्हा यायचं काम नाही. पुन्हा यायचं काम नाही म्हणजे काय? मी म्हटलं, "मला मान्य नाही."

"काय मान्य नाही?"

काय सांगणार? मी म्हटलं, "ते बाभळीपाशी थोडं इकडं गेलंय. फेरमोजणी करा." दादानं पेन ठेवून दिलं. मला सोडायला स्टँडवर आला, तेव्हा माझ्या पिशवीत त्यानं कांदे घातलेले होते, गाडीत बसल्यावर वजन लागलं.

तर यंदा पुन्हा. या वेळी अर्ज मी केला. तारीख मागताना खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, आखाजीच्या आसपासची बघा बरं. पुन्हा तो बांध, तेच साहेब, तीच साखळी, साखळीवाला या वेळी आलेला होता तर दादा त्याला म्हणाला, "तू बठ सावलीत. आमले माहीत शे." पुन्हा मांडे, पुन्हा आमरस. दुपारी जेवण झाल्यावर साहेब जरा लवंडले, दादा म्हणाला मीही पाठ टेकतो, आणि वहिनी मला लिंबाखाली घोंगडी टाकून म्हणाली, "पड जराशी. साहेब उठेतपर्यंत कोन्ही उठावाव नही." मी पडले. डोळा लागला माझा. ऊन पायावर आलं तेव्हा जाग आली, तर तिघंही चहा पीत गप्प बसलेले, साहेब म्हणाले, "ताई, उशीर होतोय, पण हे दोघं तुम्हाला उठवू देईनात."

मग रेघ. मग पेन. मी मनात सगळं तयार ठेवलेलं, यंदा ओढ्याच्या बाजूनं हरकत घ्यायची, बाभळीचं गेल्या वर्षी वापरून झालं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच पुढं झाला. नकाशाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. टोपीची घडी करत म्हणाला, "माले मान्य नही. परत मोजा."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नकाशा गुंडाळला, पेनाला टोपण लावलं आणि अगदी दमून म्हणाले, "एवढी नोकरी झाली माझी, पण भावाबहिणीचं असं हाडवैर मी आख्ख्या तालुक्यात बघितलं नाही." आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. आता आहे वैर, त्याला कोण काय करणार?